विक्रमाला दाता मिळतो, क्लबाला मिळत नाही

१९३१ साल उजाडलं तेव्हा ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा वीस लाखांच्या वर गेला होता. रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्या मजूर सरकारपुढे त्या हिवाळ्यात एक प्रश्न होता. श्नायडर करंडकासाठी हवाई दलाचा संघ उतरवायचा का, आणि उतरवायचा तर पैसा कुठून आणायचा? ही सागरी विमानांची शर्यत. १९२७ मध्ये व्हेनिसला आणि १९२९ मध्ये सोलेंटच्या खाडीवर ब्रिटनने ती जिंकलेली. आणखी एकदा जिंकली की करंडक कायमचा घरी येणार होता. सरकारने नाही म्हटलं. वर्तमानपत्रं तुटून पडली. मग लेडी ह्यूस्टन या जहाज-उद्योगपतीच्या धनाढ्य विधवेने एक लाख पौंड देऊ केले आणि सरकारला आपले वैमानिक शर्यतीत उतरवावे लागले. १३ सप्टेंबरला जॉन बूथमनने ‘सुपरमरीन एस.६बी’ ताशी ३४०.०८ मैलांच्या सरासरीने फिरवलं आणि करंडक जिंकला. २९ तारखेला जॉर्ज स्टेनफोर्थने तेच विमान ४०७.५ मैलांवर नेलं. ताशी चारशे मैलांचा टप्पा माणसाने तेव्हा पहिल्यांदा ओलांडला.

ही गोष्ट गेली नव्वद वर्षं एकाच सुरात सांगितली जाते. सरकार कद्रू, बाई देशभक्त, आणि त्या एक लाख पौंडांतून पुढे स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान जन्माला आलं म्हणून इंग्लंड वाचलं. विमानांच्या इतिहासाची गोडी असलेल्या आपल्याकडच्या वाचकांनाही हीच कथा पाठ असते. माझं मत वेगळं आहे. सरकारचा नकार बरोबर होता. चूक झाली ती दुसऱ्या ठिकाणी. त्याच काळात त्याच हवाई मंत्रालयाच्या हातात एक फार चांगली योजना होती, आणि ती कायम तुटपुंज्या पैशावर ठेवली गेली. लोकांच्या करातून येणारा पैसा विक्रमावर घालायचा की जास्तीत जास्त माणसांच्या हातात यंत्र देण्यावर, हा प्रश्न आजही प्रत्येक देशात दरवर्षी अर्थसंकल्पात उभा राहतो. दोन महायुद्धांच्या मधल्या ब्रिटिश विमानांइतकं त्याचं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

ती योजना १९२५ ची. नागरी विमान वाहतुकीचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर यांनी ती रेटली. हवाई मंत्रालयाने काही शहरांतल्या विमान क्लबांना मदत करायची, सामान्य नागरिकांनी तिथे सवलतीच्या दरात उडायला शिकायचं. लंडन, लँकेशायर, न्यूकॅसल, मिडलंड आणि यॉर्कशायर हे सुरुवातीचे पाच क्लब. प्रत्येकाला पहिल्या साहित्यासाठी सुमारे २,००० पौंड, पुढे वर्षाला १,००० पौंडांपर्यंत मदत, आणि परवाना मिळवणाऱ्या प्रत्येक सभासदामागे थोडी रक्कम. म्हणजे लेडी ह्यूस्टन यांच्या देणगीत असे तीसहून अधिक क्लब उभे राहून पहिलं वर्ष चालले असते. हा हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण देशाची शान वाढल्याचं बोलताना तो कुणी मांडत नाही.

या योजनेआधी मंत्रालय एकदा चुकलं होतं, आणि ती चूक समजून घ्यायला हवी. १९२३ मध्ये केंट परगण्यात लिम इथे हलक्या विमानांची स्पर्धा झाली. इंजिन ७५० सीसीपेक्षा मोठं नको अशी अट. मोटारसायकलचं इंजिन लावलेली ग्लायडरंच होती ती. दोन विमानांनी गॅलनला ८७.५ मैलांचा पल्ला गाठून बक्षीस वाटून घेतलं. कागदावर हा आकडा थक्क करणारा आहे. पण वाऱ्याच्या झोतापुढे ती विमानं टिकत नव्हती आणि त्यांत शिकाऊ माणसाला बसवणं म्हणजे जिवाशी खेळ होता. पुढच्या वर्षी दोन आसनं आणि ११०० सीसीची मर्यादा आली, तरी दुखणं तेच. विमानं बनवणारे जेफ्री डी हॅविलंड यांनी १९२३ ला भाग घेतला होता, १९२४ ला घेतला नाही. सरकारी अटीत बसणारं विमान आणि माणसाच्या उपयोगाचं विमान यांत त्यांना अंतर दिसलं होतं.

मग त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. क्रॉयडनला पहिल्या महायुद्धातल्या शिल्लक मालाचा ढीग पडलेला होता. त्यात रेनोच्या आठ सिलिंडरच्या इंजिनांचे सुटे भाग होते. फ्रँक हाल्फर्ड या इंजिन-अभियंत्याने त्या आठातले चार सिलिंडर घेतले, त्यांना नवं क्रँककेस केलं आणि साठ अश्वशक्तीचं ‘सिरस’ इंजिन तयार झालं. वाया गेलेल्या मालातून आलेलं, म्हणून स्वस्त. सिलिंडर एका रांगेत असल्यामुळे दुरुस्तीला सोपं. भोवती प्लायवूडच्या पेटीसारखा सांगाडा, डोप म्हणजे कापड ताणून धरणारं रोगण चढवलेल्या तागाच्या कापडाचे पंख. हे पंख मागे दुमडता येत. मग विमान मोटारीच्या गॅरेजात मावायचं आणि मोटारीमागे बांधून रस्त्याने ओढून नेता यायचं. डी हॅविलंडना फुलपाखरं आणि पतंगकिडे गोळा करण्याचा नाद होता, त्यातून नाव आलं ‘मॉथ’, म्हणजे पतंगकिडा. २२ फेब्रुवारी १९२५ ला लंडनच्या स्टॅग लेनच्या मैदानावरून ते त्यांनी स्वतः पहिल्यांदा उडवलं. त्या उन्हाळ्यात लँकेशायर क्लबला पहिली मॉथ मिळाली.

दोन आसनं एकामागे एक. पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी, मध्ये बोलायला रबरी नळी. वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या आवाजात शिक्षकाचा आवाज त्या नळीतून थेट कानात येतो. इंजिन सुरू करायला एक माणूस पुढे उभा राहून हाताने पंखा फिरवतो. बिघाड झालाच तर बऱ्यापैकी सुतार आणि बऱ्यापैकी मेकॅनिक मिळून तो दुरुस्त करू शकतात. या विमानात गुपित असं काहीच नव्हतं, आणि ही त्याची सर्वांत मोठी ताकद होती.

इथे सरकारचं काम नेमकं कोणतं ते दिसतं. विमान कसं असावं हे मंत्रालयाने ठरवायला गेल्यावर लिमची खेळणी निघाली. विमान वापरणारी माणसं मंत्रालयाने उभी केल्यावर मॉथला गिऱ्हाईक मिळालं, कारखान्याला खात्रीची मागणी मिळाली आणि किंमत उतरत गेली. पुढे नव्या इंजिनाची जिप्सी मॉथ ६५० पौंडांच्या आसपास मिळू लागली. १९३३ मध्ये माइल्स कंपनीने ‘हॉक’ ३९५ पौंडांना विकायला काढलं.

एस.६बी च्या बाजूने जे बोललं जातं ते मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. रोल्स रॉइसचं ‘आर’ इंजिन ही विलक्षण गोष्ट होती. १९३१ मध्ये त्यातून सुमारे २,३५० अश्वशक्ती काढली गेली, पण पूर्ण ताकदीवर त्याचं आयुष्य तासाभराच्या हिशेबात मोजायचं. पंखांच्या आणि तरंगणाऱ्या नावांच्या पत्र्याखालून गरम पाणी खेळवलेलं, तेल अंगाच्या कडेने फिरवलेलं, म्हणजे अख्खं विमानच रेडिएटर. पंख्याच्या पिळामुळे डावी नाव पाण्यात रुतायची, म्हणून इंधन जास्त उजव्या नावेत भरायचं. समोरचं काही दिसत नसताना वैमानिकाने फेसातून ते उचलायचं. त्या वर्षीच्या सरावात लेफ्टनंट ब्रिंटन असंच उड्डाण करताना गेला. त्याआधी १९२८ मध्ये किंकेड वेगाच्या विक्रमाच्या प्रयत्नात गेला होता. या माणसांच्या धैर्यापुढे मी मान झुकवतो. इंधनाची मिश्रणं, सुपरचार्जर, झडपा थंड ठेवण्याची रीत यांतलं बरंच काही रोल्स रॉइस त्या दोन-तीन वर्षांत शिकली, हेही खरं.

पण तिथून थेट स्पिटफायरपर्यंत रेघ ओढता येत नाही. एस.६बी नंतर तिचे आणि स्पिटफायरचे रचनाकार रेजिनाल्ड मिचेल यांनी जे पहिलं लढाऊ विमान केलं, ते १९३४ चं ‘टाइप २२४’, सपशेल पडलं. स्पिटफायरचा पातळ लंबवर्तुळाकार पंख शर्यतीच्या विमानावर नव्हता. त्यातलं मर्लिन इंजिन म्हणजे लहान केलेलं ‘आर’ नव्हे, त्याचा आराखडा वेगळा. आणि १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन हवाई हल्ल्यांपुढे ब्रिटनच्या लढाऊ विमानांत संख्येने जास्त होतं ते हरिकेन. हरिकेनचे जनक सिडनी कॅम यांनी हॉकर कंपनीत आल्यावर पहिलं विमान कोणतं काढलं? ‘सिग्नेट’. १९२४ च्या लिम स्पर्धेसाठी केलेलं, दोन माणसांचं इवलंसं विमान, आणि १९२६ ची स्पर्धा त्याने जिंकली. शर्यतीच्या सागरी विमानातून मिचेल घडले असं म्हणायचं असेल, तर हलक्या विमानातून कॅम घडले असंही म्हणावं लागेल. प्रामाणिकपणे बोलायचं तर दोन्ही विधानं अर्धीच खरी आहेत.

शिवाय इटलीचं काय? १९३१ च्या शर्यतीला इटली आणि फ्रान्स आलेच नाहीत. बूथमन एकटाच फिरला. पण इटलीने आपलं ‘माकी एम.सी.७२’ सोडलं नाही. १९३३ मध्ये त्यांनी ब्रिटनचा विक्रम मोडला, आणि २३ ऑक्टोबर १९३४ ला फ्रान्चेस्को आजेल्लोने ते ताशी ७०९ किलोमीटरवर नेलं. पिस्टन इंजिनाच्या सागरी विमानांत तो विक्रम आजही उभा आहे. सर्वांत वेगवान विमान असणं हेच जर हवाई सामर्थ्याचं मूळ असेल, तर १९४० मध्ये इटली युरोपात पुढे असायला हवी होती. त्या वर्षी इटली युद्धात उतरली तेव्हा तिच्या लढाऊ विमानांत सर्वाधिक संख्या होती ‘फियाट सी.आर.४२’ ची. दुहेरी पंखांचं, उघड्या कॉकपिटचं विमान. शिखर होतं, खाली डोंगर नव्हता.

आता मला एमी जॉन्सनबद्दल लिहायचं आहे, कारण या वादाच्या दोन्ही बाजू तिने स्वतः उडवून पाहिल्या.

हल शहरातल्या मासळीच्या व्यापाऱ्याची ही मुलगी लंडनला एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती. सरकारी मदत मिळणाऱ्या लंडन क्लबमध्ये, स्टॅग लेनला ती उडायला शिकली. जुलै १९२९ मध्ये परवाना मिळाला. पण ती तिथेच थांबली नाही. क्लबचे मुख्य अभियंता जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली हँगरमध्ये राबून ती इंजिन खोलायला, झडपा घासायला शिकली, आणि जमिनीवरच्या अभियंत्याचा परवाना मिळवणारी ब्रिटनमधली पहिली स्त्री झाली. क्लब म्हणजे नुसतं विमान नसतं, हे इथे लक्षात येतं. हँगर असतो, हत्यारं असतात, शिकवायला तयार असलेला उस्ताद असतो. टायपिस्टला पगारातून विमान घेता आलं नसतं, आणि घेता आलं असतं तरी हा हँगर विकत मिळाला नसता.

५ मे १९३० ला ती सेकंडहँड जिप्सी मॉथ घेऊन क्रॉयडनहून एकटी निघाली. विमानाचं नाव ‘जेसन’. पैसे वडिलांनी आणि तेलाच्या व्यापारातल्या लॉर्ड वेकफील्ड यांनी मिळून दिलेले. त्याआधीचं तिचं सर्वांत लांबचं उड्डाण लंडन ते हल, आईवडिलांकडे. सहा दिवसांत कराची. पेट्रोल संपत आलं म्हणून झाशीला परेडच्या मैदानावर उतरली. मग अलाहाबाद, कलकत्ता. रंगूनजवळ इनसीनला पावसात मैदान चुकलं आणि तिथल्या सरकारी तंत्रशाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर उतरताना विमान खड्ड्यात गेलं. पंख फाटला, पंखा मोडला. दुरुस्ती केली तिने आणि त्या शाळेतल्या माणसांनी. पंखाचं कापड हवं होतं. कुणाला तरी आठवलं की युद्धानंतर शिल्लक राहिलेल्या विमानाच्या कापडाचे इथे शर्ट शिवले गेले होते. ते शर्ट उसवून पंखाला लावले. २४ मे ला ती डार्विनला पोचली.

चार वर्षांनी, ऑक्टोबर १९३४ मध्ये, तीच एमी पुन्हा त्याच वाटेवर होती. या वेळी नवरा जिम मॉलिसन बरोबर, आणि खाली ‘डीएच.८८ कॉमेट’. इंग्लंड ते मेलबर्न या मॅकरॉबर्टसन शर्यतीसाठी डी हॅविलंडने खास काढलेलं दोन इंजिनांचं, सडपातळ, देखणं विमान. कंपनीने तोटा सोसून ते ५,००० पौंडांना विकलं आणि शर्यतीसाठी तीनच बनवली. मॉलिसन दांपत्याच्या काळ्या कॉमेटचं नाव ‘ब्लॅक मॅजिक’. कराचीपर्यंत ते सर्वांच्या पुढे होते. मग वाट चुकून जबलपूरला उतरावं लागलं. तिथे विमानाचं पेट्रोल नव्हतं. बस कंपनीकडचं मिळालं ते भरलं. त्या पेट्रोलवर शर्यतीची इंजिनं भाजून निघाली आणि अलाहाबादला त्यांची शर्यत संपली.

तीच बाई, तोच रस्ता. एका विमानाला तंत्रशाळेने शर्टाचं ठिगळ लावून पुढे पाठवलं, दुसरं बसच्या पेट्रोलने संपलं. मी कॉमेटला नावं ठेवत नाही. दुसऱ्या कॉमेटने, लाल रंगाच्या ‘ग्रोव्हनर हाउस’ने, स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक यांना ७१ तासांच्या आत मेलबर्नला पोचवून शर्यत जिंकली. तीही २३ ऑक्टोबरला, म्हणजे इटलीत आजेल्लोने विक्रम केला त्याच दिवशी. लाकडी बांधणीचं त्यातलं ज्ञान पुढे डी हॅविलंडच्याच मॉस्किटो या युद्धविमानाला उपयोगी पडलं असं जाणकार मानतात. पण त्या शर्यतीत दुसरं कोण आलं ते बघा. डच केएलएम कंपनीचं डग्लस डीसी-२, नेहमीच्या सेवेतलं प्रवासी विमान, तीन उतारू आणि टपाल घेऊन. तिसरं आलं ते बोइंगचं, तेही मुळात प्रवासी विमानच. जिंकायला ब्रिटनला खास शर्यतीचं यंत्र लागलं, आणि त्याच्या मागोमाग दुसऱ्या देशांची रोजच्या वापरातली विमानं येत होती. त्या निकालात ब्रिटिश विमान उद्योगाचं दुखणं मावलेलं होतं, आणि विजयाच्या मिरवणुकीत ते फार थोड्यांनी वाचलं.

आणि कॉमेटचे पैसे कुणी दिले? कंपनीने, मॉलिसन दांपत्याने, एका हॉटेल चालकाने, एका धनिक शौकिनाने. बक्षीस दिलं ऑस्ट्रेलियातल्या मिठाईच्या कारखानदाराने. करदात्याला तोशीस पडली नाही. पर्सिव्हल कंपनीच्या ‘म्यू गल’ या शर्यतीच्या विमानाचंही तेच. ॲलेक्स हेन्शॉने त्यावर १९३८ चा किंग्ज कप, म्हणजे ब्रिटनमधली विमानांची शर्यत, ताशी २३६ मैलांच्या सरासरीने जिंकला, आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये ग्रेव्हसेंड ते केपटाउन आणि परत असा प्रवास ४ दिवस १० तास १६ मिनिटांत एकट्याने केला. मागे घरचा पैसा होता. विक्रमाला दाता मिळतोच. त्यात नाव असतं, छायाचित्र असतं, जाहिरात असते. स्टॅग लेनच्या हँगरमध्ये टायपिस्टला झडपा घासायला शिकवण्यासाठी लेडी ह्यूस्टन एक लाख पौंड घेऊन आल्या नसत्या. सरकारने पैसा कुठे घालावा याचं माझं उत्तर इथेच आहे. जिथे दुसरा कुणी घालणार नाही तिथे.

क्लबांतून काय उगवतं हे दाखवायला १९३० चा किंग्ज कप पुरेसा आहे. ही शर्यत अशी की मंद विमान आधी सोडायचं, वेगवान मागून, म्हणजे नीट आखणी असेल तर सगळे जवळपास एकाच वेळी परत यावेत. वैमानिकाच्या कौशल्याला इथे भाव. त्या वर्षी शंभराच्या वर नावं आली होती, अंतर साडेसातशे मैल. जिंकली विनिफ्रेड ब्राउन, लँकेशायर क्लबची सभासद, छोटंसं ॲव्हरो एव्हियन घेऊन. हा कप जिंकणारी ती पहिली स्त्री.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘आर १०१’ हे वायूच्या पिशव्यांवर तरंगणारं महाकाय हवाई जहाज कार्डिंग्टनहून कराचीला निघालं. हा सरकारचा स्वतःचा, सरकारी पैशाचा, साम्राज्याची शान दाखवायचा प्रकल्प. कराचीत त्याच्यासाठी प्रचंड हँगर बांधून तयार होता. जहाज पूर्ण तयार नव्हतं, पण हवाई मंत्री लॉर्ड थॉमसन यांना ठरल्या वेळेत परतायचं होतं. ५ ऑक्टोबरच्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ते कोसळून जळलं. ४८ जण गेले. त्यांत मंत्री होते, आणि सर सेफ्टन ब्रँकरही होते. चिमुकल्या विमानांवर भरवसा ठेवणारा मंत्रालयातला सर्वांत मोठा माणूस मंत्रालयाच्या सर्वांत महागड्या हौसेत गेला. तीन महिन्यांनी श्नायडरसाठी पैसे मागितले गेले तेव्हा मजूर सरकारने हात आखडता घेतला, त्यामागे ही राखही होती असं मला वाटतं.

माझ्या बाजूवरही आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. क्लबांना दिलेली मदत शेवटी मध्यमवर्गाच्याच खिशात गेली, असं म्हणतात. खरं आहे. जिप्सी मॉथची किंमत म्हणजे कामगाराची चारेक वर्षांची मजुरी, आणि शिकण्याचा सवलतीतला दरही त्याला न झेपणारा. एमी टायपिस्ट होती तरी तिच्यामागे वडिलांचा व्यापार होता. लँकेशायरच्या गिरणीतल्या पोराने स्टॅग लेनवर उडायला शिकावं इतकी काही ती योजना रुंद नव्हती. पण यातून निष्कर्ष काय निघतो? योजना बंद करावी असा निघत नाही, ती तिप्पट करावी असा निघतो. स्वस्त विमान आपोआप सगळ्यांपर्यंत पोचेल हा भ्रमही त्या काळाने फोडला. फ्रान्सच्या आन्री मिन्ये यांचं घरी बांधायचं छोटं विमान १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये लोकांनी डोक्यावर घेतलं. ‘फ्लाइंग फ्ली’ म्हणत त्याला. हौशी मंडळींनी गॅरेजात ती बांधली, आणि एकामागून एक माणसं मरू लागली, कारण सूर मारताना त्यातून बाहेर येणं अशक्य व्हायचं. फार्नबरोच्या पवनबोगद्यात तपासणी झाली आणि परवानगी काढून घेण्यात आली. यंत्र स्वस्त असणं पुरत नाही. शिक्षक, तपासनीस, अभियंता ही साखळी लागते, आणि ती बाजार एकटा उभी करत नाही.

दुसरा आक्षेप साम्राज्याचा. क्लब हे पुढच्या युद्धासाठी वैमानिक तयार ठेवायचं साधन होते, असं म्हणता येईल. ब्रँकर आणि हवाई मंत्री सॅम्युअल होर यांच्या मनात ते होतंच. पण पायथ्याला दिलेली वस्तू देणाऱ्याच्या हेतूत अडकून राहत नाही. १९२८-२९ मध्ये दिल्ली, कराची, मुंबई इथे त्याच धर्तीवर क्लब निघाले, त्याच मॉथ विमानांवर. मुंबईच्या क्लबातून १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटा भारतात पहिल्या क्रमांकाचा परवाना घेऊन बाहेर पडले. १९३० मध्ये आगा खान यांनी इंग्लंड-भारत एकट्याने उडणाऱ्या भारतीयाला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. कराचीहून निघालेले जेआरडी आणि इंग्लंडहून येणारा कोवळा ॲस्पी इंजिनिअर इजिप्तमध्ये अबुकीरला भेटले. ॲस्पीचं स्पार्क प्लगावाचून अडलं होतं. जेआरडींनी आपल्याजवळचे दिले. ॲस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला आणि पुढे स्वतंत्र भारताच्या वायुदलाचा प्रमुख झाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते ‘पस मॉथ’ने, म्हणजे मॉथच्याच बंद केबिनच्या भावंडाने. सरकारने त्या सेवेला अनुदान दिलं नव्हतं. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, म्हणून मुक्काम पुण्याला हलवायचा. लंडनच्या मंत्रालयात कुणी हे योजलं नव्हतं. शिकलेली माणसं आणि दुरुस्त होणारी यंत्रं तयार असली की पुढचं ज्याचं तो करतो.

ब्रिटनने हा धडा घेतला, पण भीतीपोटी आणि उशिरा. १९३८ मध्ये म्युनिक कराराच्या सुमाराची, जर्मनीशी युद्ध पेटणार अशी हवा असताना ‘सिव्हिल एअर गार्ड’ निघालं. सरकारने एवढी मदत दिली की तासाला अडीच शिलिंगपासून उडायला शिकता येऊ लागलं. अठरा ते पन्नास वयाचं कुणीही, बायकासुद्धा. अर्जांचा पाऊस पडला. तेरा वर्षं ज्यांना उडण्यात रस नाही असं गृहीत धरलं होतं, ती माणसं रांगेत उभी होती. १९२५ लाच हे केलं असतं तर गिरणीतला पोरगा आत आला असता. त्या वेळी एका विमान साप्ताहिकाचे संपादक सी. जी. ग्रे यांनी बायकांना या योजनेत घेण्यावर टीकेची झोड उठवली होती. ज्यांना रुग्णालयाची फरशी नीट पुसता येत नाही त्यांनी विमानं उडवायची का, अशा थाटाची.

जानेवारी १९४० मध्ये ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी’ या विमानं पोचवणाऱ्या दलात पॉलिन गॉवर यांच्या हाताखाली आठ स्त्रिया हॅटफील्डला जमल्या. कडाक्याच्या थंडीत उघड्या टायगर मॉथमध्ये बसून ती विमानं कारखान्यापासून स्कॉटलंडपर्यंतच्या तळांवर पोचवायचं त्यांचं काम. टायगर मॉथ, म्हणजे क्लबातल्या त्याच मॉथची पुढची पिढी, ज्यावर ब्रिटनचे आणि भारताचेही हजारो वैमानिक शिकले. एमी त्याच वर्षी या दलात दाखल झाली आणि ५ जानेवारी १९४१ ला एअरस्पीड ऑक्सफर्ड नेताना थेम्सच्या मुखाशी गेली. पुढे या स्त्रिया स्पिटफायर आणि हरिकेनही नेऊ लागल्या, आणि १९४३ पासून त्यांना पुरुषांइतका पगार मिळाला. त्या पहिल्या आठ जणींना आयत्या वेळी कुणी शिकवलं नव्हतं. प्रत्येकीच्या नोंदवहीत शेकडो तास आधीच होते, आणि त्यांची सुरुवात झाली होती कुठल्या ना कुठल्या गावाबाहेरच्या क्लबच्या मैदानावर, भाड्याच्या मॉथमध्ये.